झेंडा कुणाचा, हमी कुणाची

कोकणात मोठा प्रकल्प जाहीर झाला की महिन्याभरात गावच्या सभेत ईस्ट इंडिया कंपनी हजर होते. गुहागरला एन्रॉनच्या वेळी आली, माडबनला अणुभट्टीच्या वेळी आली, बारसूच्या कातळी सड्यावर रिफायनरीच्या वेळीही आली. वक्ते बदलतात, शब्द तेच राहतात. कुणी साम्राज्यवाद म्हणतं, कुणी वसाहतवाद, आणि ज्याचं वाचन जरा अलीकडचं तो नववसाहतवाद म्हणतो. तिन्ही शब्द शिवी हासडावी तसे, एकाच मापाने. मी अशा सभांत प्रकल्पाच्या विरोधकांमध्ये बसणारा माणूस आहे, आणि तरीही माझं म्हणणं असं की या सरमिसळीने नुकसान झालंय ते आपलंच. मार्क्सवादी परंपरेत हे तीन शब्द तीन वेगळ्या प्रश्नांसाठी घडले. राज्य कुणाचं चालतं, हा वसाहतवादाचा प्रश्न. भांडवल आपला देश सोडून बाहेर का पडतं आणि कुणाच्या जोरावर, हा साम्राज्यवादाचा. आणि पहिल्याचं उत्तर बदललं तरी दुसऱ्याचं तेच राहिलं, तर जे उरतं ते काय, हा नववसाहतवादाचा.

फरक कळायला लंडनला जायला नको, मुरगावपर्यंत गेलं तरी पुरे. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल तेव्हा साडेतीनशे वर्षांहून जुना होता. करारानं गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातल्या जकातीच्या चौक्या उठल्या. गोव्यातलं मीठ पिकवणं आणि विकणं इंग्रजांच्या ताब्यात गेलं. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये ठरले. शिवाय मुरगाव बंदरापासून घाट चढून ब्रिटिश मुलखातल्या रेल्वेला मिळणारा लोहमार्ग ठरला. भांडवल इंग्रजांचं, त्यावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. कंपनीचं नावच होतं वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे! इतका प्रामाणिकपणा पुढे कुठल्या कंपनीच्या नावात दिसला नाही. गोव्यातली कित्येक मिठागरं ओस पडली, मीठ महाग झालं, मासे खारवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. १८९२ साली करार संपला आणि तो पुन्हा झाला नाही.

तेव्हा गोवा कुणाचा होता? पणजीत झेंडा पोर्तुगालचा, गव्हर्नर पोर्तुगालचा, तुरुंगही पोर्तुगालचा. म्हणजे वसाहत पोर्तुगालची, यात शंका नाही. पण मिठावरचा हक्क आणि रुळांवरचं व्याज जात होतं ते इंग्रजांकडे. ज्या देशाची ही वसाहत होती, तो देशच दुसऱ्याच्या मुठीत होता.

लेनिननं १९१६ साली झ्युरिचमध्ये बसून 'साम्राज्यवाद: भांडवलशाहीची सर्वोच्च अवस्था' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा नेमकं हेच उदाहरण त्याला आठवलं. गोव्याचं नाव त्यात नाही, पोर्तुगालचं आहे. पोर्तुगाल स्वतंत्र, सार्वभौम राष्ट्र आहे, पण दोनशेहून अधिक वर्षं तो प्रत्यक्षात ब्रिटनच्या आश्रयाला आहे, असं तो म्हणतो. ब्रिटननं पोर्तुगालच्या वसाहती सांभाळल्या आणि मोबदल्यात तिथे माल, विशेषतः भांडवल, नेण्याच्या सवलती मिळवल्या. पोर्तुगालच्या शेजारी त्यानं अर्जेंटिनाला बसवलं आहे. जगात फक्त वसाहती आणि वसाहतवाले असे दोनच गट नाहीत, वरवर स्वतंत्र पण पैशाच्या आणि मुत्सद्देगिरीच्या जाळ्यात अडकलेले देशही आहेत, हे त्याला दाखवायचं होतं. नववसाहतवाद हा शब्द पुढे रूढ झाला. ती कल्पना मात्र या पानांवर आधीच उभी आहे, आणि तिचा नमुना आपल्या किनाऱ्यावर मिठाच्या ढिगांत पडलेला होता.

म्हणून 'साम्राज्यवाद म्हणजे दुसऱ्याचा देश जिंकणं' हे समीकरण मार्क्सवाद्यांना पुरत नाही. जिंकणं रोमनांनीही केलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाच्या आरमारानं दाभोळ जाळलं ते १५०८ च्या अखेरीस, आणि अरबी समुद्रात कुणी गलबत हाकायचं ते पोर्तुगीज परवाने देऊन ठरवू लागले. ती लूट होती, व्यापारावरची खंडणी होती. लेनिन ज्याला साम्राज्यवाद म्हणतो त्याचं वय फार लहान आहे. मोठे कारखाने छोट्यांना गिळून मक्तेदार होतात, बँका आणि कारखानदारी एकमेकांत मिसळून वित्तभांडवल तयार होतं, घरात पुरेसा नफा मिळेना झाला की माल पाठवण्यापेक्षा भांडवलच बाहेर पाठवणं महत्त्वाचं ठरतं, आणि मग जगाची वाटणी होते, आधी कंपन्यांमध्ये, नंतर राष्ट्रांमध्ये. वसाहत हे त्यातलं एक साधन. सोयीचं, खात्रीचं, पण एकमेव नाही.

मार्क्सकडे हा सगळा आराखडा नव्हता आणि तो त्याच्या तोंडी घालू नये. १८५३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात त्यानं हिंदुस्थानावर लिहिलं, तेव्हा बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावून जेमतेम दोन महिने झाले होते. रेल्वे या देशात आधुनिक उद्योगाची नांदी ठरेल, असं त्यानं लिहिलं. इंग्रजांच्या क्रौर्याबद्दल त्याला भ्रम नव्हता, पण जुनी समाजरचना मोडण्याचं काम इतिहास त्यांच्याकडून करून घेतोय, असा त्याचा सूर होता. डाव्या वर्तुळात हे लेख अजून अवघड जागेचं दुखणं आहेत. मला त्यांच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते १८८१ सालचं त्याचं एक पत्र. हिंदुस्थानातून दरसाल फुकट जाणाऱ्या रकमेचा हिशेब त्यात तो मांडतो, आणि यादीत काय आहे? पेन्शनी, लढायांचा खर्च, आणि हिंदी लोकांना निरुपयोगी असलेल्या रेल्वेचे लाभांश. देशातल्या सहा कोटी कष्टकऱ्यांच्या एकूण उत्पन्नाहून ही रक्कम मोठी आहे, असं तो लिहितो. अठ्ठावीस वर्षांत रेल्वे आशेच्या रकान्यातून लुटीच्या रकान्यात गेली. दादाभाई नौरोजी याच काळात, मार्क्सशी काही संबंध न ठेवता, जवळपास हाच हिशेब मांडत होते.

लाभांशामागचं गणित होतं हमीचं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेच्या विलायती भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. गाडी तोट्यात चालली तरी फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. त्या महसुलात शेतसारा आला, मिठावरचा करही आला. शिरोड्याला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात लोक मिठागरात शिरले, तेव्हा ते या हिशेबाच्या वहीवरच पाय देत होते, असं मी म्हणेन.

आता एका लोकप्रिय वाक्याकडे येतो: 'कोकण ही मुंबईची वसाहत आहे.' आमच्याकडे हे गावच्या कट्ट्यावरही ऐकू येतं आणि दिवाळी अंकातही वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. भावना खरी आहे, निदान चुकीचं.

मार्क्सच्या भांडवलावरच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात शेवटचं प्रकरण वसाहतींवर आहे, आणि त्यात पील नावाच्या एका इंग्रज गृहस्थाचा किस्सा आहे. हा माणूस पन्नास हजार पौंडांचा ऐवज आणि तीन हजार कष्टकरी बायका-माणसं-पोरं घेऊन ऑस्ट्रेलियातल्या स्वान नदीकाठी गेला. तिथे पोहोचल्यावर त्याचं अंथरूण घालायला की नदीवरून पाणी आणायला एक नोकर उरला नाही. जमीन मोकळी पडलेली, प्रत्येकानं आपली वाट धरली. पीलनं सगळं बरोबर नेलं, फक्त इंग्लंडमधले उत्पादनसंबंध नेता आले नाहीत, असा मार्क्सचा टोमणा आहे. ज्याच्याजवळ जमीन नाही त्यालाच मजुरी करावी लागते, आणि अशी माणसं आपोआप तयार होत नाहीत, करावी लागतात.

रत्नागिरीत ती तयार झाली होती. पीलला जी अडचण आली ती मुंबईच्या गिरणीमालकांना आली नाही, कारण खोत (गावचा सारा वसूल करणारा जमीनदार), कूळ, थकबाकी आणि वरकस, म्हणजे हलकी, जमीन यांनी ते काम आधीच करून ठेवलं होतं. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली कायदेमंडळात विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला, त्यात शामराव परुळेकरांसारखे डावेही होते. कायद्यानं खोती जायला तरी १९४९ उजाडलं. तोवर दोन-तीन पिढ्या बोटीत बसून गिरणगावात पोहोचल्या होत्या.

आणि गिरणीमालक? बहुतेक देशी होते. पहिली गिरणी काढली ती कावसजी दावर यांनी. पारशी, भाटिया, गुजराती भांडवल, ज्यातला मोठा वाटा अफू आणि कापसाच्या व्यापारात कमावलेला. चाकरमान्याला मिळणारा पगार एका माणसाच्या खोलीपुरता, खाणावळीपुरता. गावात बायको भात लावते, म्हातारी गुरं बघते, आजारी पडला की तो गावी येतो, थकला की कायमचा येतो. म्हणजे मजुराला वाढवण्याचा आणि पोसण्याचा निम्मा खर्च गिरणी देतच नव्हती, कोकणातली शेतकरीण देत होती. दक्षिण आफ्रिकेच्या खाणकामगारांबद्दल समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड वोल्पनं १९७२ साली नेमका हा युक्तिवाद केला. मार्क्सवादी विचारवंत रोझा लक्झेंबुर्गनं त्याच्या कितीतरी आधी, १९१३ साली, भांडवलशाहीला जगायला कायम एक भांडवलशाहीबाहेरचा परिसर लागतो, असं सांगितलं होतं. आजही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत, ते त्याच मनीऑर्डरच्या काळाचं उरलेलं गणित.

हे शोषण आहे, जबर शोषण आहे. पण त्याला वसाहत म्हटलं की खोत सुटतो. तो आपलाच, गावचाच, कधीकधी आपल्याच आडनावाचा. वसाहतवादात शोषणाला परकी राज्यसत्ता लागते. इथे ती इंग्रजांची होती तेव्हाही दोर गावातल्या माणसाच्या हातात होता, आणि १९४७ नंतर तर ती सबबही गेली. भांडवलशाही एकाच देशात एक भाग फुगवते, दुसरा सुकवते, आणि त्यासाठी परकी झेंड्याची गरज नसते.

नववसाहतवाद हा शब्द गाजवला घानाचा अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यानं. १९६५ च्या त्याच्या पुस्तकात साम्राज्यवादाचा हा शेवटचा टप्पा आहे असं त्यानं म्हटलं, लेनिनच्या शीर्षकाला जाणूनबुजून जोड देत. देश कागदावर सार्वभौम, अर्थव्यवस्था आणि त्यामुळे राजकारणही बाहेरून चालवलेलं. पुढच्याच वर्षी तो परदेशात असताना लष्करानं त्याचं सरकार उलथवलं. त्याच्या स्वतःच्या स्वप्नातला धक्का तर त्याआधीच बसला होता. व्होल्टा नदीवर अकोसोंबोचं धरण झालं ते देशातल्या बॉक्साइटपासून अॅल्युमिनियम करण्यासाठी. वीज स्वस्तात घेणारा टेमाचा कारखाना अमेरिकी कंपन्यांचा, आणि त्यात वितळवला जाणारा अॅल्युमिना बाहेरून आणलेला. घानाचं बॉक्साइट त्या कारखान्याच्या कामी आलंच नाही.

हे वाचताना गुहागर तालुक्यातल्या माणसाला अंजनवेलचा एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आठवल्याशिवाय राहत नाही. १९९२ साली समजुतीचा करार, १९९३ साली वीजखरेदीचा. निविदा नाहीत. जागतिक बँकेनंसुद्धा हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला, आणि जागतिक बँक काही डाव्यांची शाखा नव्हे. नव्या वीज धोरणात खाजगी कंपन्यांना भागभांडवलावर सोळा टक्के परतावा धरलेला होता. वीज घ्या न घ्या, क्षमतेचा आकार भरायचा. दर डॉलरशी बांधलेला, त्यामुळे रुपया घसरला की बिल चढणार. वीज मंडळानं पैसे थकवले तर राज्याची हमी, राज्यानं थकवले तर केंद्राची प्रतिहमी. ही प्रतिहमी १९९४ साली नरसिंह रावांच्या सरकारनं दिली, आणि १९९६ साली वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारनं ती पुन्हा मंजूर केली. यंत्रं पुरवणारी जनरल इलेक्ट्रिक आणि बांधकाम करणारी बेक्टेल या स्वतः प्रकल्पात भागीदार, म्हणजे विकणारा आणि घेणारा बऱ्याच अंशी एकच.

जीआयपीचे पाच टक्के आणि दाभोळचे सोळा टक्के. मधे दीडशे वर्षं आणि एक स्वातंत्र्य. पहिली हमी परक्या कंपनी सरकारनं दिली, दुसरी आपण निवडून दिलेल्यांनी. एन्क्रुमाच्या व्याख्येचा इतका स्वच्छ नमुना महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही. मी एन्रॉनला नववसाहतवादी म्हणतो ते या करारपत्रामुळे. कंपनी अमेरिकी होती हे त्यातलं सर्वात किरकोळ कारण.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचा भाग सभांमध्ये कुणी सांगत नाही. १९९५ साली नव्या राज्य सरकारनं करार रद्द केला, मग वाटाघाटी करून आणखी मोठा केला. १९९९ साली वीज आली. पुढे काही महिने युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळानं वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. घानाला असं हात झटकणं जमलं असतं का? भारत त्या अर्थानं घाना नाही. इथे स्वतःचं मोठं भांडवल आहे, स्वतःच्या बँका आहेत, आणि त्याच सरकारी बँकांनी या प्रकल्पाला कर्ज दिलं होतं, ही त्याची दुसरी बाजू. २००५ साली एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढली. परकी कंपनी गेली, मागणी पूर्ण झाली. वेलदूरच्या मच्छीमाराच्या आणि जमीन गेलेल्या कुटुंबाच्या तक्रारीचं काय झालं? ती परकेपणाची तक्रार कधीच नव्हती. आपण भाषणात तिला तसं रूप दिलं, आणि पाटी बदलली तेव्हा आपल्याजवळ बोलायला शब्द उरले नाहीत.

बारसूला हीच अडचण आहे. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली, मग बारसू-सोलगावचं नाव आलं, २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी बायका सड्यावर तळपत्या उन्हात आडव्या पडल्या. सुरुवातीच्या योजनेत सौदीची आरामको आणि अबू धाबीची सरकारी कंपनी होती, पण मूळ भागीदार इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम. आरामको हीच एके काळी अमेरिकी तेल कंपन्यांची होती आणि सौदी सरकारनं ती विकत घेतली. यात नववसाहतवाद शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. शोधायचं असेल तर मार्क्सचा आदिम संचय शोधावा: सामाईक चराई, कातळावरचं पाणी, खाडीतली मासेमारी यांवर पोट भरणाऱ्याला तिथून उठवणं आणि प्रकल्पाची कुणकुण लागताच बाहेरच्यांनी जमिनी घेऊन ठेवणं. हे करणारे सगळे भारतीय आहेत. जैतापूरचा, म्हणजे माडबनचा, अणुप्रकल्प मधला कुठेतरी: अणुभट्ट्या फ्रेंच, मालक भारत सरकारची कंपनी. अपघात झाला तर पुरवठादाराकडे भरपाई मागता येईल असं कलम २०१० च्या कायद्यात घातलं गेलं, तेव्हा ते परदेशी पुरवठादारांना वर्षानुवर्षं खुपत राहिलं. तिथे हमीचा प्रश्न पुन्हा येतो, फक्त उलट बाजूनं.

आणि शेवटी काजू. तो मला सर्वात अडचणीचा वाटतो, कारण तिथे आपण फक्त गाऱ्हाणं घालणारे राहत नाही.

काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलं. गोव्यात, कोकणात रुजलं, आणि तसंच त्यांच्या मोझांबिकमध्येही. एके काळी मोझांबिक जगातला सर्वात मोठा काजू उत्पादक होता. १९७५ साली तो स्वतंत्र झाला, कच्ची बी बाहेर न पाठवता देशातच फोडण्याचं धोरण सरकारनं धरलं. मग यादवी, कर्ज, आणि १९९५ च्या सुमारास जागतिक बँकेची अट: कच्च्या बीवरचा निर्यातकर कमी करा, बाजार मोकळा करा. कर उतरला, बी जहाजात चढली, आणि काही वर्षांत तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कामगार घरी बसले, त्यांत बायका पुष्कळ. एन्क्रुमाच्या पुस्तकात शोभावं असं उदाहरण.

ती जहाजं मात्र अमेरिकेला गेली नाहीत. भारतात आली. भारतातल्या कारखान्यांना लागणाऱ्या काजू बीपैकी निम्म्याहून अधिक आजही बाहेरून येते, मुख्यतः आफ्रिकेतून. केरळचे कारखानदार त्यात पुढे होते, पण वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या कारखान्यांतही आफ्रिकेची बी फुटते. ती फोडणाऱ्या बायकांची बोटं चिकानं काळी पडतात, मजुरी किलोवर मिळते. मोझांबिकच्या कामगारणीचं काम जिच्याकडे आलं, तीही काही सुखात नाही. फायदा झाला तो मधल्या माणसाचा, आणि तो आपल्या बाजारपेठेत ओळखीचा आहे. ब्राझीलचा अर्थतज्ज्ञ रुई माउरो मारिनी अशा देशांना, जे वरच्यांपुढे वाकतात आणि खालच्यांकडून काढून घेतात, उपसाम्राज्यवादी म्हणत असे. भारताला ते लेबल पूर्ण बसतं असं मी म्हणणार नाही. निर्यातकराची अट भारतानं घातली नव्हती. पण ती अट ज्याच्या पथ्यावर पडली, त्या यादीत आपलं नाव आहे.

सध्या सिंधुदुर्गातला बागायतदार म्हणतो की आयात बीमुळे भाव पडतो, तेव्हा आयात शुल्क वाढवा. कारखानदार म्हणतो, शुल्क वाढलं तर कारखाना परवडणार नाही. दोघांचंही खरं आहे, आणि दोघांच्या वादात आफ्रिकेतला शेतकरी कुठेच नाही. तिकडे आयव्हरी कोस्टसारखे देश बी घरच्या घरी फोडण्याच्या मागे लागले आहेत. मोझांबिकला जे १९९५ साली सोडावं लागलं तेच हे. त्यांनी उद्या निर्यातकर चढवला तर बागायतदाराला कदाचित चांगला भाव मिळेल, कारखानदार मात्र दिल्लीला निवेदन देईल, आणि मुक्त व्यापाराचा दाखला देत ती बंधनं उठवायला लावा म्हणेल. त्या निवेदनावर सह्या करायला आमच्या आमदार-खासदारांपैकी किती जण पुढे येतील, आणि बारसूच्या सभेत ईस्ट इंडिया कंपनीवर बोललेले त्यांत किती असतील, ते मला बघायचं आहे.